‘काही अडचण?’ ‘नाही साहेब’: टीम गप्प का बसते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत मशीनिंग लाइनचा चार्ज घेऊन तुम्हाला सात महिने झालेत. हाताखाली चौदा माणसं, त्यातली नऊ ठेकेदाराची. रोज सकाळी मीटिंग घेता, ‘मोकळेपणाने बोला’ म्हणून सांगता, सूचना पेटीसुद्धा लावलीत. तरी कुणी तोंड उघडत नाही. गेल्या महिन्यात कस्टमरकडून एक लॉट परत आला आणि चौकशीत कळलं की त्यातली गडबड तिघांना आधीपासून माहीत होती. सायकॉलॉजिकल सेफ्टी म्हणतात ती, म्हणजे न घाबरता बोलता येईल असं वातावरण, आणायची कशी, असं तुम्ही विचारताय. आणि तुमचे प्लांट हेड म्हणतात की असले लाड केले तर शिस्त जाईल, ते खरं का, हेही.

मी सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. बराच काळ सातपूर आणि अंबड, शेवटची काही वर्षं सिन्नर. आता कारखान्यांमध्ये जाऊन सुपरवायझर लोकांबरोबर काम करते. त्यामुळे उत्तर शॉप फ्लोअरवरूनच देईन. ऑफिसातल्या टीमना यातलं बरंचसं लागू पडतं, सगळं नाही.

आधी प्रश्नच थोडा बदलते. ‘लोक बोलत नाहीत’ हे खरं नाही. तुमची माणसं भरपूर बोलतात. टपरीवर, लॉकरपाशी, कंपनीच्या बसमध्ये. त्या लॉटबद्दल ती तिघं आपसात नक्कीच बोलली असणार. ते बोलणं तुमच्यापर्यंत येत नाही, एवढंच. म्हणजे अडचण त्यांच्या स्वभावात नाही, हिशेबात आहे. गप्प बसलं तर नुकसान कंपनीचं, तेही पंधरा दिवसांनी. सांगितलं तर ताप स्वतःला, तोही आत्ताच: लाइन थांबणार, टार्गेट बुडणार, ‘सेटिंग तूच केलं होतंस ना?’ असं विचारलं जाणार, आणि शेजारचा वर चमचा म्हणणार. हा हिशेब माणूस मनात क्षणात करतो. त्यात चुकीचं काही नाही, मीही तोच केला असता. तुम्हाला बदलायचा आहे तो हा हिशेब. ‘मोकळेपणाने बोला’ या वाक्याने त्यातला एकही आकडा बदलत नाही.

तो बदलतो एकाच ठिकाणी. कुणीतरी वाईट बातमी घेऊन येतो, त्यानंतरच्या दहा सेकंदांत. हे मी चूक करून शिकले, म्हणून ती चूकच सांगते.

नोकरीचं चौथं वर्ष होतं. एका कारखान्यात स्टँडर्ड रूम नुकतीच माझ्याकडे आली होती, म्हणजे मापं तपासायची सगळी साधनं, गेजेस, बरोबर आहेत ना ते बघायचं, तसं कॅलिब्रेशनचं स्टिकर लावायचं, त्यावर सही करायची. एका दुपारी बोअरिंगच्या मशीनवरचे ऑपरेटर, पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत, भोकात घालून माप बघायचं प्लग गेज हातात घेऊन आले. म्हणाले, ‘मॅडम, आज ऑफसेट द्यावाच लागला नाही.’ ज्यांनी बोअरिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जातो तसं बोअर, म्हणजे पिसातलं भोक, बारीक होत जातं, गेज घट्ट जाऊ लागतं, मग ऑपरेटर ऑफसेट देऊन माप जागेवर आणतो. त्या जॉबला शे-दीडशे पिसांमागे हे व्हायलाच हवं होतं. त्या दिवशी चारशे पीस झाले तरी गेज लोण्यात सुरी जावी तसं जात होतं. अण्णांच्या हाताला ते खटकलं. गेजची गो बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या बोअरमध्ये जायलाच हवी ती, झिजली होती. झिजलेली गो बाजू लहान बोअरमध्येही सहज शिरते आणि खराब पीस पास करून टाकते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या कानात एवढंच शिरलं की गेज चुकीचं आहे, आणि त्या स्टिकरवर सही माझी होती. मी म्हणाले, ‘अण्णा, तारीख बघा ना त्यावर. पुढच्या महिन्यापर्यंत व्हॅलिड आहे.’ ओरडले नाही, हसूनच म्हणाले. अण्णा ‘बरं’ म्हणून वळले. आठवड्याने कस्टमरच्या असेंब्लीत पिना बसेनात. आम्ही चौघं तीन दिवस त्यांच्या गेटजवळच्या शेडमध्ये बसून एकेक पीस निवडत होतो.

परत आल्यावर मी अण्णांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘अहो, मी आपलं सहज म्हटलं होतं.’ त्यानंतर जवळजवळ दीड वर्षं त्यांनी माझ्याकडे काहीही आणलं नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या शेजारच्या दोन पोरांनीही आणलं नाही. मॅडम अण्णांचं ऐकत नाहीत, तिथे आपल्याला कोण विचारतंय! माझं एक वाक्य, आणि तीन मशीन मुकी झाली.

या गोष्टीत ओरडणं कुठेच नाही, हे लक्षात घ्या. भीती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टेबलावर हात आपटणारा साहेब येतो. पण माणूस गप्प करायला आत्मविश्वासाने दिलेलं उत्तर पुरतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टनने ठामपणे हो म्हटलं. कॅप्टन कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक वैमानिक, जाहिरातीत फोटो छापून येणारे. पुन्हा कुणी विचारलं नाही. हा आणि असे आणखी काही अपघात झाल्यावर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवीनच विषय आला: खालच्याने शंका दुसऱ्यांदा कशी मांडायची, आणि वरच्याने ती कशी ऐकायची. मला यातला ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पहिल्यांदा बोलणारे असतात. पहिलं उत्तर मिळाल्यावर पुन्हा बोलणारा दुर्मिळ.

आता तुमच्या प्लांट हेडची शंका. तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, कारण सायकॉलॉजिकल सेफ्टीच्या नावाखाली मी फुगे आणि केक पाहिलेत. हा शब्द ज्यांच्या कामामुळे सगळीकडे पोचला, त्या हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी केक कापायला सांगितलेलं नाही. त्यांच्या व्याख्येचा मला समजलेला अर्थ असा: या टीममध्ये प्रश्न विचारला, चूक कबूल केली, वेगळं मत मांडलं तर आपला पाणउतारा होणार नाही, असा टीमचा सगळ्यांचा मिळून असलेला विश्वास. कामाचा दर्जा सैल करण्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. गूगलने २०१२ पासून आपल्या १८० च्या आसपास टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या खुणांमध्ये हीच पहिली निघाली. पण गूगलचं उदाहरण अंबडमध्ये फारसं चालत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘त्यांचं काय, त्यांना एसी आहे,’ असं ऐकायला मिळतं. म्हणून हे सांगा की एडमंडसन यांचा १९९९ चा गाजलेला अभ्यास एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवरचा होता.

त्याच्याही आधीचा, १९९६ चा त्यांचा हॉस्पिटलमधला अभ्यास तर तुमच्या कामाचाच आहे. आठ युनिटांत रुग्णांना औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या होत्या. अपेक्षा अशी, की ज्या युनिटमध्ये टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे आले ते उलटे. चांगल्या टीमकडे चुकांची नोंद जास्त. कोडं सुटलं ते असं: त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. बाकीच्या युनिटांत झाकली मूठ सव्वा लाखाची.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? तुम्ही हे नीट केलंत तर पहिले दोन-तीन महिने तुमचं इन-हाउस रिजेक्शन, म्हणजे कंपनीतच बाद झालेले पीस, वाढलेलं दिसेल. हमखास. आणि नेमका त्याच महिन्यात रिव्ह्यूमध्ये तुमचा ग्राफ स्क्रीनवर लागेल. मी तीन ठिकाणी चांगली सुरुवात इथेच मेलेली पाहिलीय. वरच्याने ग्राफ बघून आवाज चढवला, सुपरवायझरने तो खाली पोचवला, खराब पिसांचा लाल बिन पुन्हा रिकामा दिसू लागला आणि सगळे खूश झाले. म्हणून प्लांट हेडना सुरुवातीलाच जाऊन सांगा, जमलं तर मेलवर: इन-हाउसचा आकडा वर जाईल, तुम्ही कस्टमरकडचा आकडा बघा. दोन्ही एकाच कागदावर लावा. शिस्तीच्या बाजूच्या माणसाला हे पटतं, कारण आत सापडलेला पीस आणि कस्टमरच्या लाइनवर सापडलेला पीस यांच्या खर्चातला फरक त्याला पाठ असतो.

शेतीत हे लवकर कळतं. माझ्या दिरांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. निर्यातीच्या मालात फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत, हे औषधागणिक ठरलेलं असतं. एकदा एका गड्याने चुकून दुसऱ्याच औषधाचा कॅन पंपात ओतला आणि संध्याकाळी स्वतःहून येऊन सांगितलं. दिरांनी कपाळावर हात मारला, पण त्या चार ओळींची काढणी पुढे ढकलली. तो गप्प बसला असता तर हेच प्रयोगशाळेच्या अहवालाने सांगितलं असतं, अख्ख्या मालासकट.

शिस्त मात्र हवीच. मी तीन गोष्टी वेगळ्या धरते. चूक: ऑफसेट उलट चिन्हाने दिला, जॉब उलटा क्लॅम्प झाला. इथे मेमो नाही, जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर सुधारायचं. दुसरं, शॉर्टकट: दर पाचव्या पिसाला गेज लावायचं ते न लावता शिफ्ट संपताना रजिस्टर एका बैठकीत भरायचं. तुम्हाला ते रजिस्टर ओळखता येत असेल, सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. इथे रागवायच्या आधी घड्याळ लावून बघा. सायकल टाइम, म्हणजे एका पिसाला लागणारा वेळ, चाळीस सेकंद, ऑपरेटर दोन मशीन सांभाळतोय आणि तपासणीला अर्धा मिनिट लागतोय, तर ते रजिस्टर खोटंच भरलं जाणार. तसं भरायला आपणच लावलंय. वेळ असूनही टाळत असेल तर बोला, स्पष्ट बोला. तिसरं, लपवणं: खराब पीस कळूनही चांगल्यात मिसळणं. त्याला माझ्याकडे माफी नाही. पण क्रम पाळा. लपवण्याला शिक्षा करायचा अधिकार तुम्हाला तेव्हाच येतो, जेव्हा आधी सांगणाऱ्याला तुम्ही सगळ्यांसमोर नीट वागवलेलं असतं. गेल्या महिन्यातल्या तिघांच्या बाबतीत तो अधिकार तुम्हाला अजून आलेला नाही, असं मला वाटतं.

आतापर्यंतचं एवढंच: माणसं बोलतात, वर येत नाहीत, ती येतील की नाही हे तुमच्या पहिल्या उत्तरावर ठरतं, आणि यामुळे दर्जा ढिला होत नाही, फक्त आकडे आधी वाईट दिसतात.

आता करायचं काय. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे तुमची नऊ माणसं. कायम कामगाराला बोलल्याबद्दल फार तर टोमणा बसतो. ठेकेदाराच्या पोराला ‘उद्यापासून येऊ नको’ असा फोन येतो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा असतो. त्याची भीती मनाची नाही, खरी आहे. ती गोड बोलून जात नाही. तुम्हाला जमेल ते एवढंच: एचआरला सोबत घेऊन ठेकेदाराच्या सुपरवायझरशी ठरवून घ्या, की तुमच्या लाइनवरचा माणूस तुम्हाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. शंकेची नोंद माणसाच्या नावावर घेऊ नका, मशीन नंबरवर घ्या. आणि ‘मी तुला वाचवीन’ असं चुकूनही म्हणू नका. सात महिन्यांच्या लाइन इंचार्जला ते वचन पाळता येत नाही, आणि एकदा मोडलं की पुढची दोन वर्षं गेली.

सकाळच्या मीटिंगमध्ये चौदा जणांसमोर ‘काही अडचण?’ विचारलं की उत्तर ‘नाही साहेब’ हेच येणार. प्रश्नच तसा आहे. मशीनपाशी जा, एकेकट्याला विचारा, आणि नेमकं विचारा: काल कुठला पीस हातात दोनदा फिरवून पाहिलास? आज मी सुट्टीवर असतो तर कशावर लक्ष ठेवायला सांगितलं असतंस? तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या ऑपरेटरना तर शिकायच्या सुरातच विचारा. पंचविशी-तिशीतल्या डिग्रीवाल्या साहेबाला मशीनचं सांगायला त्यांना कमीपणा वाटत नाही. साहेबाला ते ऐकण्यात कमीपणा वाटेल असं त्यांना वाटतं.

कुणी काही आणलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, जवळजवळ पाठ केलेलं, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. ‘बरं झालं आणलंत. दाखवा.’ मग बघायचं, आणि जाताना वेळ सांगायची: ‘चारपर्यंत सांगते.’ चार वाजता काहीच कळलं नसेल तर चार वाजता जाऊन तेच सांगायचं. शंका चुकीची निघाली तरी का चुकीची ते दाखवायचं, हसायचं नाही. टोयोटाच्या लाइनवर अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, तेव्हा टीम लीडर लगेच त्याच्यापाशी येतो. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपण दोरी पाहिली, दिवे पाहिले, तसेच दिवे आणून बसवले. धावत येणारा माणूस आणायला विसरलो. कितीतरी शॉपमध्ये तो लाल दिवा लागलेला असतो आणि खालून लोक डबा घेऊन जेवायला जात असतात.

माझ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पिवळा बिन. लाल बिन रिजेक्शनचा, त्यात टाकायचं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पिवळ्यात टाकायचं म्हणजे फक्त ‘मला शंका आहे’. कुणी टाकला हे विचारायचं नाही, दिवसातून दोनदा क्वालिटीने येऊन निकाल सांगायचा, ओके निघाले तर तेही. पहिल्या आठवड्यात रिकामा राहील. तेव्हा तुम्ही स्वतः त्यात पीस टाका, खरी शंका असलेला, नाटक नको. बक्षिसाच्या भानगडीत पडू नका. एका ठिकाणी आम्ही शंका दाखवणाऱ्या लाइनला शनिवारी मिसळ ठेवली होती. दोन आठवड्यांत पिवळा बिन ओसंडून वाहू लागला. मिसळ झणझणीत होती, शंका अगदीच फिक्या.

एक गोष्ट आजच बंद करा: व्हॉट्सअॅप ग्रुपवर खराब पिसाचा फोटो आणि खाली ‘हे कोणी केलं???’. रात्री अकराला आलेला तो मेसेज चौदा घरांत वाचला जातो. तुमचे प्लांट हेड टाकत असतील तर त्यांना एकट्याला गाठून विनंती करा, आणि तुम्ही त्यावर अंगठा देऊ नका. सूचना पेटी काढून टाकलीत तरी चालेल. तिची किल्ली कुणाकडे आहे, हे तरी तुमच्या लोकांना माहीत आहे का? उत्तर न येणारी पेटी नुसती निरुपयोगी नसते; इथे सांगून काही होत नाही, याचा ती भिंतीवर टांगलेला पुरावा असते.

आणि वरचे कधीच ऐकणारे नसतील तर? मग तुमच्या चौदा जणांपुरतं जेवढं जमेल तेवढं करा. एकाच कंपनीत शेजारच्या दोन लाइनचं वातावरण अगदी वेगळं असलेलं मी पाहिलंय, त्यामुळे ते अशक्य नाही. पण वरून रोज दगड पडत असतील तर छत्रीने किती दिवस भागणार, याचाही विचार करा. क्वालिटीतले जाणकार डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दा भीती हाकलून लावायचा आहे. तो कामगारांसाठी लिहिलेला नाही, व्यवस्थापनासाठी लिहिलाय.

राहिली ती तिघं. ‘का नाही सांगितलं?’ असं विचारू नका. त्याला ‘लक्षात नाही आलं साहेब’ एवढंच उत्तर मिळतं. वेगवेगळं भेटून विचारा: सांगायचंच असतं, तर कुणाला आणि किती वाजता सांगितलं असतं? हा प्रश्न मी सिन्नरला एका सेकंड शिफ्टच्या पोराला विचारला होता. मी मनात भीती, संस्कृती, काय काय धरून बसले होते. तो म्हणाला, ‘मॅडम, क्वालिटीवाले साडेपाचच्या बसने जातात. मला हे सात वाजता दिसलं.’ पुढच्या सोमवारपासून आम्ही क्वालिटीच्या एकाला दुपारच्या बसने यायला सांगितलं.